देकेलियाची छाननी: युद्धातून परतलेल्या एका फ्रात्रीने आपलं कोण हे कसं ठरवलं

ही केस नक्की कशाची

इसवीसनपूर्व ३९६-९५ सालची गोष्ट आहे. अथेन्सच्या उत्तरेला पार्नेस डोंगराच्या पायथ्याशी देकेलिया म्हणून गाव होतं, तिथल्या एका फ्रात्रीने, म्हणजे भावकीसारख्या संघटनेने, ठराव केला की आपल्यातल्या ज्यांची छाननी राहून गेलीय त्या सगळ्यांची आता ताबडतोब करायची, मतं घ्यायची, आणि जो आपला नाही असं ठरेल त्याचं नाव रजिस्टरातून खोडून टाकायचं. ठराव संगमरवरी दगडावर कोरला गेला, पुढे त्याच दगडावर अजून दोन ठराव चढले, आणि हा दगड १९व्या शतकात तातोइला सापडला, जिथे ग्रीसच्या राजघराण्याची इस्टेट होती. फ्रात्रीचा कारभार आतून कसा चालायचा हे इतकं बारकाईने सांगणारा दुसरा लेख आपल्याकडे नाही.

मला ही केस सविस्तर लिहावीशी वाटली कारण अथेन्सची लोकशाही म्हटलं की सगळे मोठ्या सभेबद्दल, पेरिक्लीसबद्दल बोलतात, पण त्या सभेत बसायचा हक्क मुळात कुणाला हे ठरायची सुरुवात अशा गावातल्या वेदीसमोर, बकऱ्या-मेंढ्याच्या मटणाच्या वाट्याबरोबर व्हायची, आणि तिकडे फारसं कुणी बघत नाही. दगडावर ठराव मांडणाऱ्यांची, पुजाऱ्याचं, प्रमुखाचं नाव आहे, पण नाकारलेल्या एकाही माणसाचं नाव नाही. म्हणजे ज्यांच्यावर वेळ आली ते लोक या केसमध्ये पहिल्यापासूनच निनावी आहेत.

पार्श्वभूमी

फ्रात्री म्हणजे आपल्या भावकीच्या जवळ जाणारी गोष्ट. आपण एका मूळपुरुषाचे असं मानणारी, एकत्र सण करणारी, एकमेकांच्या लग्नाला आणि मुलांना साक्षीदार असणारी पुरुषांची संघटना. तिच्या सदस्याला फ्रातेर म्हणत, आपला भ्राता आणि हा फ्रातेर एकाच मुळातून आलेत, पण अथेन्समध्ये सख्ख्या भावाला वेगळाच शब्द होता, फ्रातेर फक्त या संघटनेतला भाऊ. फ्रात्रीच्या आत लहान गट असायचे, काही गेनोस म्हणजे जुनी घराणी, काही थियासोस नावाचे गट. इलियडमध्येच नेस्टर आगामेम्नॉनला सांगतो की सैन्य टोळीवार आणि फ्रात्रीवार लाव म्हणजे फ्रात्री फ्रात्रीला मदत करेल, इतकी ती कल्पना जुनी. ड्रेको या जुन्या कायदेकर्त्याच्या खुनाच्या कायद्यात पण फ्रात्री आहे, न ठरवून झालेल्या खुनात मेलेल्याचे जवळचे नातेवाईक कुणीच उरले नसतील तर आरोपीला माफी द्यायची की नाही हे मेलेल्याच्या फ्रात्रीतले निवडलेले दहा जण ठरवायचे.

मग ५०८-०७ मध्ये क्लेइस्थेनीसने अख्खी व्यवस्था पालटली, दहा नव्या टोळ्या केल्या, गावागावाचे डीम केले, नागरिकाचं नाव डीमच्या यादीत यायला लागलं. फ्रात्र्यांना मात्र त्याने हात लावला नाही. त्यामुळे पुढची दोन शतकं दोन दरवाजे राहिले, लहानपणी फ्रात्रीचा आणि १८व्या वर्षी डीमचा. कोर्टात कुणी तू नागरिक नाहीस म्हटलं किंवा वारसा हक्काचा दावा आला की माणूस साक्षीला फ्रात्रीतले लोक उभे करायचा, माझ्या बापाने मला यांच्यासमोर वेदीवर आणलं होतं, विचारा यांना. जन्माचा दाखला वगैरे काही नव्हतंच, तो दाखला म्हणजे हीच माणसं.

हे सगळं अपातुरिया नावाच्या सणात व्हायचं, शरद ऋतूत, प्यानोप्सिओन महिन्यात. तीन दिवस. पहिला दोर्पिया, त्या रात्री सगळी फ्रात्री एकत्र जेवायची, दुसऱ्या दिवशी झ्यूस फ्रात्रिओस आणि अथेना फ्रात्रिया यांना बळी, आणि तिसरा कुरेओतिस, मुलांचा दिवस. मुलासाठी दोन बळी असत. तान्हेपणी मेयोन, आणि साधारण १६व्या वर्षी केस कापून वाहताना कुरेयोन. मेयोनमधून पुजाऱ्याला एक मांडी, एक बरगडी, एक कान आणि ३ ओबोल, कुरेयोनमधून पुन्हा मांडी, बरगडी, कान, वर एक खोइनिक्स (धान्याचं माप) वजनाची पोळी, अर्धी कोटिले (द्रवाचं माप) वाइन आणि १ द्राख्मा, हे सगळं दगडावर ठरावाच्याही आधी लिहिलंय. कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याने बळीचं जनावर वेदीपासून ओढून बाजूला न्यायचं. हरकत नोंदवायची पद्धत म्हणजे सगळ्यांच्या देखत, बापाच्या हातातलं जनावर बाजूला करायचं. किती धीर लागत असेल याला, आणि किती जण मनात असूनही गप्प बसत असतील. हा मुद्दा पुढे येणारच आहे.

अडचण कुठून आली

अथेन्स आणि स्पार्टाचं मोठं युद्ध चालू असताना, ४१३ मध्ये, स्पार्टाच्या राजा आगिसने देकेलियाच ताब्यात घेतलं आणि तिथे कायमचा किल्ला बांधला. तोपर्यंत स्पार्टाचं सैन्य उन्हाळ्यात यायचं, शेतं जाळायचं आणि परत जायचं, आता ते वर्षभर तिथेच. गाव अथेन्सपासून सुमारे १२० स्टेडिया, म्हणजे वीसेक किलोमीटर. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की २०,००० पेक्षा जास्त गुलाम पळून गेले, बहुतेक कारागीर. जास्त लागतं ते हे की हेरोडोटसच्या म्हणण्याप्रमाणे एका जुन्या उपकारापोटी स्पार्टाचे लोक आधी बाकी अॅटिका, म्हणजे अथेन्सभोवतीचा प्रदेश, लुटतानासुद्धा देकेलियाला सोडून द्यायचे, आणि शेवटी तळ पडला तो नेमका तिथेच. हे ४०४ पर्यंत चाललं.

म्हणजे साधारण नऊ वर्षं फ्रात्रीची वेदी शत्रूच्या छावणीत. माणसं शहरात विखुरलेली. थोडा हिशोब केला की गुंता कळतो: ३९६ ला जो मुलगा १६ वर्षांचा होऊन कुरेयोनला आला तो जन्मला ४१२ च्या आसपास, म्हणजे बरोब्बर त्या काळात जेव्हा त्याचा बाप त्याला देकेलियाच्या वेदीवर नेऊच शकत नव्हता. त्याचा मेयोन झाला तर कुठे झाला, कुणासमोर झाला, बघणारे किती जण नंतरच्या समुद्रावरच्या लढायांत मेले? आणि उलट बाजूने, या गोंधळात कुणी ओळखीपाळखीने, कुणी पैसे देऊन, कुणी परक्या बाईपासून झालेलं मूल आपलं म्हणून आत घुसवलं असेल तर ते तरी कसं कळणार.

जुना नियम होता. ठरावात स्पष्ट म्हटलंय, देमोतिओनिदाईंच्या नियमाप्रमाणे ज्यांची छाननी अजून झालेली नाही. म्हणजे छाननी ही नवी कल्पना नव्हती, ती करायचीच राहिली होती, आणि थकत थकत ढीग झाला होता. हे देमोतिओनिदाई नेमके कोण यावर अभ्यासक शंभरेक वर्षं भांडतायत. एक मत असं की तेच फ्रात्रीचं नाव आणि देकेलियावाले हा तिच्यातला एक मोठा गट, दुसरं असं की देमोतिओनिदाई हे आतलं एक मानाचं घराणं ज्यांच्याकडे नियम आणि रजिस्टर होतं. मला पहिलं जास्त पटतं, युद्धानंतर देकेलियावाले स्वतःचा कारभार वेगळा करत चालले होते असं दगड वाचून वाटतं, पण या केससाठी एवढं पुरे की मूळ रजिस्टर देमोतिओनिदाईंकडे होतं आणि त्याची एक कॉपीही होती.

समोर काय काय रस्ते होते

दगडावर चर्चा लिहिलेली नाही, फक्त निर्णय आहे, पण त्या काळात काय चाललं होतं ते बघितलं की पर्याय दिसतात.

सगळ्यात सोपा रस्ता अथेन्सने स्वतः नुकताच घेतला होता. ४५१-५० मध्ये पेरिक्लीसचा कायदा झाला होता की आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. युद्धात तो ढिला पडला. ४०३-०२ मध्ये, एउक्लेइदीस आर्खॉन (वर्षाचा मुख्य अधिकारी) असताना, लोकशाही परत आल्यावर तो पुन्हा लागू केला, पण एक अट घालून, की या सालाआधीच्यांची चौकशी करायची नाही. जुनं उकरायचं नाही, इथून पुढे कडक. यादवी होऊन गेली होती, तीस जणांची हुकूमशाही होऊन गेली होती, लोकांना शांतता हवी होती, आणि मला तो निर्णय फार शहाणा वाटतो.

दुसरा रस्ता म्हणजे सगळी यादीच नव्याने, प्रत्येकाने परत सिद्ध करायचं. हे केलं असतं तर निदान सगळ्यांना सारखी वागणूक मिळाली असती, पण ज्यांचे साक्षीदार युद्धात मेले त्यांचा निष्कारण बळी गेला असता. तिसरा, डीमवर सोडून द्यायचं, १८व्या वर्षी तिथे तपासतातच की. पण मग फ्रात्रीची साक्ष कोर्टात कुणी का मानावी?

फ्रात्रीने मधला रस्ता धरला. सगळ्यांची नाही, फक्त ज्यांची राहिलीय त्यांची. शहराच्या माफीचा रस्ता मात्र घेतला नाही. या एका निर्णयावर बाकी सगळं उभं आहे.

पहिला ठराव: हिएरोक्लेस

मांडणारा हिएरोक्लेस, फ्रात्रीप्रमुख पांताक्लेस. ज्यांची छाननी बाकी आहे त्यांच्यावर फ्रातेरांनी झ्यूस फ्रात्रिओसला स्मरून लगेच मत द्यायचं, मताचा खडा वेदीवरून उचलून न्यायचा. वेदीवरून, हे पुन्हा पुन्हा येतं, म्हणजे प्रत्येक मत देवाच्या अंगणातून निघतं, खोटं मत दिलं तर ते शपथेवर. जो बाहेर ठरेल त्याचं नाव पुजारी आणि प्रमुखाने रजिस्टरातून आणि कॉपीतूनही खोडायचं. आणि दंड? बाहेर पडलेल्या मुलाला नाही, ज्याने त्याला आणलं त्याला, १०० द्राख्मा, झ्यूस फ्रात्रिओसच्या नावाने. त्या काळी अथेन्समधल्या एरेख्थेइऑन देवळाच्या बांधकामावरच्या कुशल कारागिराला दिवसाला १ द्राख्मा मिळायचा, म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची कमाई.

पुढची नेहमीची छाननी कुरेयोननंतर एक वर्षाने, कुरेओतिसच्या दिवशी. हे मला फार आवडलं. बळी झाला, मटण वाटलं, सगळे खुशीत आहेत, त्याच दिवशी मत घेतलं तर नाही म्हणायला कोण धजावणार. एक वर्ष मध्ये गेलं की माहिती काढायला वेळ मिळतो आणि जनावर ओढून न्यायचा तमाशाही टळतो.

अधिकाऱ्यांनाही सोडलेलं नाही. दंड वसूल केला नाही तर पुजाऱ्याने आणि प्रमुखाने तो स्वतः भरायचा. प्रमुखाने वर्षाचं मतदान घेतलंच नाही तर त्याला ५०० द्राख्मा. ढीग का साचला याचं उत्तर बहुधा इथेच आहे, कुणीतरी वर्षानुवर्षं हे पुढे ढकललं असणार, आणि हिएरोक्लेसने नेमकी तीच जागा धरली. बळी इथून पुढे देकेलियाच्याच वेदीवर, नाहीतर ५० द्राख्मा. अडचण आली तर पुजारी जिथे सांगेल तिथे, आणि त्याने ही नोटीस दोर्पियाच्या पाच दिवस आधी, पांढरा रंग दिलेल्या फळीवर, फळी निदान एक वीत तरी रुंद, शहरात जिथे देकेलियावाले जमतात तिथे लावायची.

ते कुठे जमायचे हे आपल्याला लिसियासच्या एका कोर्टातल्या भाषणातून माहिती आहे, आणि हा तपशील या केसशी इतका जुळतो की सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक जण पांक्लेऑन नावाच्या माणसावर खटला भरतो, पांक्लेऑन म्हणतो मी प्लातिआचा, देकेलियाच्या डीममध्ये माझं नाव आहे. तर हा गृहस्थ हर्मीसच्या खांबांजवळच्या न्हाव्याच्या दुकानात जातो, कारण देकेलियावाले तिथेच बसतात, आणि एकेकाला विचारतो, या नावाचा कुणी तुमच्या डीमचा आहे का? कुणालाच माहिती नाही. झाली चौकशी. गाव हातातून गेल्यावर शहरातलं हे दुकान म्हणजेच यांचं गाव झालं होतं.

आता यातली सगळ्यात जड बाजू. ज्याचं नाव खोडलं त्याला देमोतिओनिदाईंकडे अपील करता येतं. पण देकेलियावाल्यांनी तिथे तिशीवरचे पाच जण वकील म्हणून निवडायचे, शपथ देऊन, की जो फ्रातेर नाही त्याला आत राहू देणार नाही. आणि अपील हरला तर १,००० द्राख्मा. हजार दिवसांची कमाई, पहिल्या दंडाच्या दहापट. कागदावर अपील आहे, पण सामान्य माणसाच्या आवाक्यात ते नाही. खोटी अपिलं नकोत हा हेतू समजतो, तरी हा आकडा बघून मला वाटतं की हिएरोक्लेसला इथे दरवाजा बंदच करायचा होता, फक्त कडी बाहेरून दिसू नये एवढंच.

दुसरा ठराव: निकोदेमोस

यानंतर निकोदेमोस उभा राहिला आणि त्याने बाकी आधीच्या ठरावांप्रमाणेच म्हणत आतली यंत्रणा पालटली. माझ्या मते या केसचा गाभा हाच.

हिएरोक्लेसच्या ठरावात सगळी फ्रात्री एकदम मत देते. पण मोठ्या जमावाला मुलाबद्दल खरंच काय माहीत? माहिती असते ती त्याच्या छोट्या गटाला, थियासोसला, रोजचं उठणं-बसणं त्यांचं. आणि नेमकी त्यांनाच भीड असते, आपला तो बाब्या. ज्यांना माहिती आहे ते निःपक्ष नाहीत, जे निःपक्ष आहेत त्यांना माहिती नाही. निकोदेमोसने यावर काढलेला तोडगा असा:

आधी चौकशीत तीन साक्षीदार, शक्यतो थियासोसमधलेच, वेदीला हात लावून शपथेवर. शपथेचे शब्दही दगडावर आहेत, की हा जो मुलगा आणतोय तो त्याचा स्वतःचा, लग्नाच्या बायकोपासून झालेला औरस मुलगा आहे, हे झ्यूस फ्रात्रिओसच्या साक्षीने खरं, शपथ पाळली तर माझं भलं होवो, मोडली तर उलट होवो. मग थियासोसचं गुप्त मतदान, खडे वेदीवरून. प्रमुखाने खडे सगळ्यांसमोर मोजायचे आणि निकाल जाहीर करायचा. त्यानंतर बाकी फ्रात्रीचं मतदान, आणि त्यात थियासोसवाल्यांना मत नाही. म्हणजे माहितगारांचं आधी ऐकायचं, पण शेवटच्या मतात त्यांना धरायचं नाही. कितीतरी कमिट्यांना आजही हे जमत नाही.

आणि मग दंड. थियासोसने हो म्हटलं आणि बाकीच्यांनी नाही म्हटलं, तर सगळ्या थियासोसला १०० द्राख्मा, सोडून फक्त ते ज्यांनी छाननीत उघड आरोप केला किंवा उघड विरोध केला. इथे थांबून वाचायला हवं. मतदान गुप्त आहे, मग गुप्तपणे नाही म्हणणाऱ्याला दंडातून सोडवणार कसं? नाही सोडवता येत. दंड वाचवायचा असेल तर तोंड उघडायला लागेल, सगळ्यांसमोर. म्हणजे मनातलं मत द्यायला गुप्ततेचं संरक्षण, आणि माहीत असूनही गप्प बसण्याला किंमत. पूर्वी जनावर ओढायला एकट्याने धीर करायला लागायचा, आता गप्प बसणंच महाग पडणार होतं. फार हुशार योजना आहे ही, आणि थोडी क्रूरही, कारण ज्याने गुप्तपणे खरं मत दिलं पण भावाच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही तो दंडाच्या वाट्यात सापडतोच.

उलट बाजू पण त्याने नीट बांधली. थियासोसने नाही म्हटलं तर बापाला सगळ्यांकडे दाद मागता येते. सगळ्यांनी हो म्हटलं तर नाव सार्वजनिक रजिस्टरात. सगळ्यांनीही नाही म्हटलं तर १०० द्राख्मा. १,००० नाही, १००. दाद मागितलीच नाही तर थियासोसचा नकार कायम. जुनं हजाराचं अपील त्याने शब्दाने रद्द केलेलं नाही, पण गटातल्या चार जणांच्या वैरातून कुणाचं नाव अडलं तर त्याला परवडेल असा एक जिना त्याने घातला, आणि मला हे महत्त्वाचं वाटतं.

तिसरा ठराव: मेनेक्सेनोस

हा बराच नंतरचा. मेनेक्सेनोस म्हणतो, बाकी आधीप्रमाणेच, पण कोण येणार आहे हे फ्रातेरांना आधी कळावं म्हणून प्रमुखाकडे नोंद करायची: मुलाचं नाव, बापाचं नाव आणि डीम, आईचं नाव, आईच्या बापाचं नाव आणि डीम. प्रमुखाने ही नोंद देकेलियावाले जमतात तिथे लावायची, आणि पुजाऱ्याने पांढऱ्या फळीवर लिहून लेतो देवीच्या देवळात.

दिसायला साधी नोटीस, पण आधीच्या दोन्ही ठरावांत जे नव्हतं ते इथे आलं. निकोदेमोसच्या शपथेत आई लग्नाची आहे एवढंच, ती अथेन्सची आहे का याबद्दल अवाक्षर नाही, आणि कायदा तर आई-बाप दोघांबद्दल होता. आता आईचा बाप आणि त्याचं डीम लिहायचं म्हटल्यावर तिचं माहेर तपासता येतं, न्हाव्याच्या दुकानात बसलेला कुणीही म्हणू शकतो की त्या डीमचा त्या नावाचा माणूस मला माहितीय, किंवा असा कुणी नाहीच. एरवी अथेन्समध्ये घरंदाज बाईचं नाव चारचौघांत घेणंसुद्धा बरं समजत नसत, आणि इथे ते फळीवर लिहून लावायचं. खालून दगड फुटलाय, ठरावाचा शेवट गेलाय.

मग झालं काय

सुरुवातीला दंडाची भाषा, मग पुराव्याची, मग माहिती उघड करण्याची, असा प्रवास एकाच दगडावर दिसतो, आणि यातच या फ्रात्रीचं यश आहे असं मी म्हणेन. नियम करून ते बसले नाहीत, वापरून बघितले, अडलं तिथे दुरुस्त केले, आणि प्रत्येक वेळी जुना ठराव न पुसता त्याच दगडावर खाली भर घातली, की वाचणाऱ्याला आधी काय होतं आणि काय बदललं दोन्ही दिसावं. पहिल्या ठरावाचा दगड कोरायचा खर्च पुजाऱ्याने पदरमोड करून द्यायचा होता, हेही त्यात लिहिलंय.

हे किती चांगलं होतं ते दुसरीकडे बघितलं की कळतं. ३४६-४५ मध्ये अथेन्सने सगळ्या डीमना हुकूम दिला की आपापली यादी तपासा. हालिमूस डीममध्ये एउक्सिथेओस नावाच्या माणसाचं नाव गेलं आणि त्याने कोर्टात अपील केलं, त्याचं भाषण डेमोस्थेनीसच्या भाषणांत टिकलंय. तो सांगतो, सभा शहरात भरवली, सभा चालवणाऱ्याने दिवसभर भाषणं आणि ठराव करण्यात वेळ काढला, माझं नाव पुकारलं तेव्हा अंधार पडला होता, म्हातारी माणसं गावाकडे निघून गेली होती, हजर तीसपेक्षा जास्त नव्हते आणि खडे निघाले साठाच्या वर. ही त्याची बाजू, समोरच्याचं काय म्हणणं होतं ते आपल्याकडे नाही. पण देकेलियाच्या प्रत्येक कलमाचं कारण यात सापडतं: दिवस ठरलेला, जागा ठरलेली, खडा वेदीवरूनच उचलायचा, मोजणी सगळ्यांसमोर. आणि एउक्सिथेओस स्वतःच्या बाजूने साक्षीला कुणाला उभं करतो, तर नातेवाइकांबरोबर आपल्या फ्रातेरांना.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, माफीची तारीख. शहराने एउक्लेइदीसच्या आधीच्यांना हात लावायचा नाही म्हटलं होतं, फ्रात्रीने निदान ४१३ ते ४०४ मध्ये जन्मलेल्यांसाठी वेगळी, सौम्य कसोटी ठेवायला हवी होती, तीनऐवजी एक साक्षीदार, किंवा शहरात झालेला बळी ग्राह्य. ज्या वर्षांत वेदीच हाताशी नव्हती त्या वर्षांचा पुरावा त्याच वेदीवरून मागणं बरोबर नाही.

दुसरं, दंड आणणाऱ्यावर ठेवला हे न्यायाचं, मुलाचा काय दोष. पण युद्धात बाप मेलेल्यांचं काय? १०० द्राख्मा कुणी द्यायचे, आणि मुलाच्या बाजूने बोलायचं कुणी, यावर ठराव गप्प आहे, आणि त्या पिढीत असे किती असतील याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. एखाद्या काकाला किंवा आईच्या भावाला बापाच्या जागी उभं राहायचा हक्क आणि दंडातून सूट, एवढी एक ओळ पुरली असती.

तिसरं, आई. तिचं नाव फळीवर, तिच्या बापाचं नाव फळीवर, सगळी चौकशी तिच्या लग्नाची, आणि वेदीपाशी तिला स्वतःला बोलायची सोय नाही. त्या काळच्या रीतीत बाईने समूहासमोर साक्ष देणं बसत नव्हतं हे खरं, पण अथेन्समध्येच शपथेचा मार्ग होता. प्लांगोन नावाच्या बाईने देवळात शपथ घेऊन सांगितलं की हे दोन्ही मुलगे मांतियासचेच, आणि मांतियासला त्या शपथेने त्यांना आपल्या फ्रात्रीत घ्यावं लागलं, हे डेमोस्थेनीसच्या खटल्यांतून आपल्याला कळतं. म्हणजे बाईची शपथ फ्रात्रीवर बांधून राहू शकत होती. ती वाट या ठरावांमध्ये घातली असती तर जिचे साक्षीदार युद्धात गेले तिलाही काहीतरी आधार राहिला असता.

आणि मेनेक्सेनोसची नोटीस पहिल्याच ठरावात यायला हवी होती. पांढरी फळी, पाच दिवसांची मुदत, न्हाव्याच्या दुकानापाशी लावायची पद्धत, हे सगळं हिएरोक्लेसकडे होतंच, पण त्याने ती बळी कुठे द्यायचा हे सांगायला वापरली, कोण येतोय हे सांगायला नाही. नावं आधी लागली असती तर ज्यांच्यावर शंका आहे त्यांना साक्षीदार शोधायला वेळ मिळाला असता, ज्यांना हरकत आहे त्यांना आधीच येऊन बोलता आलं असतं, आणि हजार द्राख्माच्या अपिलापर्यंत फार थोड्या केसेस पोचल्या असत्या.